काचेवरची पेन्सिल

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत ही गोष्ट लग्न होईपर्यंत मला फारशी मोठी वाटलीच नव्हती. आमच्या गावात निम्म्या बायांच्या तोंडावर वण होते. माझ्या लहानपणी गावात माता आली, आमच्या घरातून धाकट्या भावाला घेऊन गेली आणि मला ठेवून गेली. आई म्हणायची, "मातेनं तुले हात लावून सोडलं वो. ते तिचे बोटं होत." त्यामुळे वण म्हणजे आपण वाचलो त्याची खूण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांची लाज वाटायला मला पुढे शिकावं लागलं, आणि शिकवणारे घरचेच निघाले.

आमचं गाव मोरगावकडचं, तळ्याच्या पाळीला लागून. आमच्या जातीनं पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधली आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवलं. घरात आरसा एकच, तोही बाबांच्या दाढीचा. आम्ही पोरी तळ्यात तोंड पाहत असू. पाणी जरा हललं की सगळ्यांची तोंडं सारखीच दिसतात.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत मला दवनीवाड्याचं स्थळ आलं. घरची धानाची शेती, आणि मुलगा मॅट्रिक होऊन सालेकशाच्या स्टेशनवर तारबाबू म्हणून लागलेला. त्याची आई आणि काका मला पाहून गेले. त्याच्या आईनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, वण नीट पाहिले आणि म्हणाली, "हाडापेरानं मजबूत आहे पोरगी." तिच्या लेखी तिथंच सगळं ठरलं होतं. पण मुलगा पडला शिकलेला. लढाईमुळे रेल्वेत सुट्टी मिळेना, म्हणून त्यानं निरोप पाठवला की पोरीचा फोटो धाडा, त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

बाबा भडकले. "बैल बी मानूस आपल्या डोऱ्यानं पाहून घेते, अन् हा कागद पाहून बायको करून राहिला!" पण स्थळ चांगलं होतं. शेवटी त्यांनी मावशीचं हिरवं लुगडं आणि काकूची नथ मागून आणली, आणि आम्ही छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाला गेलो.

फोटोवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट शेड होती. तिच्या छपराला एका बाजूनं काच लावलेली. आत तीन पायांवर उभा केलेला लाकडी कॅमेरा, त्याला पितळेचं भिंग आणि मागे काळं फडकं. फोटोवाला म्हातारा होता, जबलपूरकडून आलेला. हिंदी आणि मराठीची खिचडी बोलायचा आणि मला बेटी म्हणायचा. मला त्या फडक्यात काय आहे ते पाहायचं होतं. मी तसं म्हटल्यावर बाबांनी डोळे वटारले, पण म्हाताऱ्याला हौस वाटली. त्यानं बाबांना खुर्चीत बसवलं आणि मला फडक्याखाली घेतलं. आत एक दुधी काच होती आणि तिच्यावर बाबा, पागोट्यासकट, उलटे लटकलेले. मी इतकी हसले की बाबांनी खुर्चीवरून ओरडून विचारलं, "का झालं वो?"

"हँसना मत," म्हातारा म्हणाला. "फोटो में हँसी नहीं चलती."

मग मला पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर जिना रंगवलेला, जिन्यावर मोर. मोराच्या शेपटीजवळ पडदा फाटला होता आणि तिथं निळ्या कापडाचं ठिगळ होतं. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात पदराचं टोक. काकूची नथ मोठी होती, ती सारखी घसरे. मानेमागे लोखंडाचा आकडा टेकवून म्हाताऱ्यानं मला श्वास रोखायला सांगितला, भिंगावरचं झाकण काढलं, तोंडातल्या तोंडात काही मोजलं आणि झाकण पुन्हा लावलं. एवढंच. फोटो तो परस्पर टपालानं सालेकशाला धाडणार होता. मी काही तो पाहिला नाही. चारच दिवसांत मुलाचा होकार आला, तोही तारेनं. गावात कुणाच्या लग्नाचा होकार तारेनं आला नव्हता. आईनं तार घेऊन येणाऱ्या माणसाला गूळ दिला.

लग्नात बाशिंग, मुंडावळ्या, अंतरपाट आणि खाली घातलेली मान यांत कोण कुणाचं तोंड पाहतं! पाहायची वेळ आली ती दवनीवाड्याला गेल्यावर, सूनमुखाच्या वेळी. सासूबाईंनी मला मांडीशी घेतलं, माझा पदर मागे सारला आणि आरसा समोर धरला. सासूनं आरशात सुनेचं तोंड पाहायचं ही रीत. मागून नवराही वाकून पाहत होता. मी आरशात नवऱ्याचे डोळे पाहिले. ते आधी हसरे होते. मग ते माझ्या तोंडावर फिरले, पुन्हा फिरले, आणि बाजूच्या बायांच्या तोंडांवर गेले, जणू नवरी दुसरीकडे कुठंतरी बसली असावी. नंतर नवरा सरळ उभा राहिला आणि अंगणात गेला.

त्या वेळी मला कळलं नाही. एवढं मात्र कळलं की काहीतरी माझ्या तोंडावरून झालं आहे.

सुट्टी संपायच्या आधीच ते सालेकशाला परत गेले. जाताना आईला म्हणाले, "तिकडे जंगल आहे, वाघ आहे, हिवताप आहे. इले आत्ता नेत नाही." सासूबाईंनी मान हलवली. मग पावसाळा आला तेव्हा नाले भरले म्हणून नेलं नाही, हिवाळ्यात गाड्यांची गर्दी म्हणून नेलं नाही, उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून नेलं नाही. अधूनमधून येत, आईच्या पाया पडत, माझ्याशी दोन शब्द बोलत, तेही भिंतीकडे पाहून. कधी रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. मी धान लावलं, कापलं, झोडलं, कांडलं, आणि गावातल्या बाया बांधावर एकमेकींच्या कानाला लागू लागल्या. एक तर तोंडावरच म्हणाली, "तारबाबू दुसरी पाहून राहिला म्हणतात. तुले कायले नेईन तो?"

तेव्हा दोन बायका करायला कायदा आडवा येत नव्हता. आमच्याच गल्लीत एका घरात दोघी नांदत होत्या. पहिली गोठ्यात निजे. मला रोज तो गोठा दिसायचा, आणि खरं सांगते, मी घाबरले होते. माहेरी परत जाणं म्हणजे बाबांची मान खाली घालणं. इथं राहणं म्हणजे एक दिवस तो गोठा.

एकदा सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी त्यांना विचारलं, "माय, माझं का चुकलं?"

त्या थांबल्या. त्यांचा स्वभाव आडवळणाचा नव्हता. "तुझं काही नाही चुकलं. तो म्हणते, फोटोत पोरगी दुसरी होती."

फोटो ज्यांवर उमटतात त्या काचा म्हाताऱ्यानं बदलल्या असतील, कुण्या दुसऱ्या पोरीचा फोटो आमच्या पाकिटात गेला असेल, असंच मला वाटलं. म्हणजे माझ्या नवऱ्यानं होकार दिला तो तिला. कोण असेल ती? कुठं असेल? मी दिवसभर तिलाच शिव्या दिल्या, आणि तिचा बिचारीचा काय दोष असं वाटून पुन्हा स्वतःला.

"चाल," सासूबाई म्हणाल्या. "गोंदियाले जाऊ. त्या फोटोवाल्याले विचारू."

शेड तशीच होती, पण म्हातारा आणखी वाकला होता. लढाईमुळे नव्या काचा मिळत नव्हत्या. म्हणून तो जुन्या फोटोंच्या काचा गरम सोड्याच्या पाण्यात टाकून त्यांच्यावरची चित्रं खरवडून काढत होता आणि कोऱ्या काचा खिडक्यांसाठी, देवांच्या तसबिरींसाठी विकत होता. घमेल्यात पाण्यावर काळी साल तरंगत होती. ती कुणाकुणाची तोंडं होती. मला तिथं उभं राहवेना.

सासूबाईंनी त्याला झाडायला सुरुवात केली. फोटो बदलला, पोरीचं वाटोळं केलं, म्हातारपणी डोळे फुटले का. म्हातारा लाल झाला. "मैंने नहीं बदला!" तो आत गेला, लाकडी पेटी उलटीपालटी केली आणि एक काच घेऊन आला. माझी काच अजून घमेल्यात गेली नव्हती, हे माझं नशीब.

त्यानं ती उजेडासमोर धरली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं, तरी मी ओळखलं. मोर, ठिगळ, घसरलेली नथ. ती मीच होते.

"मग असं कसं झालं?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं काच तिरपी केली. तेव्हा तोंडाच्या जागी एक बारीक चमक दिसली, जशी पाटीवर पेन्सिल घासल्यावर दिसते. तोंडभर, कपाळभर, असंख्य बारीक रेघा. म्हाताऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पेन्सिल सुईसारखं टोक काढून मारावी लागते, बेटी. एक एक खड्डा भरला. पूरा दिन लगा. डोळे दुखले माझे. कुणाच्याही फोटोवर मारतो मी. साहेबाच्या, शेटजीच्या, सगळ्यांच्या. बिना पेन्सिल का फोटो दुकान से बाहर नहीं जाता."

त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं माझं भलं केलं. मी आभार मानीन अशा बेतानं तो माझ्याकडे पाहत होता. मला त्याच्या अंगावर ती काच फेकावीशी वाटली. ती दुसरी पोरगी कुठंच नव्हती, म्हणजे मला शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. माझा नवरा माझ्याच तोंडावर भाळला होता, फक्त त्यावरून माता फिरायच्या आधीच्या.

"पुसा ते," मी म्हटलं.

"क्या?"

"पेन्सिल पुसा. अन् पुन्हा फोटो काढून द्या."

म्हातारा म्हणाला, असं कुणी करत नाही, कामाची नासाडी आहे, लोक पेन्सिल मारा म्हणून भांडतात. सासूबाई पुढे झाल्या. "पूस म्हनते ना पोरगी. पूस."

त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि काचेवरून फिरवली. सगळी चमक एका फटक्यात गेली. मग काचेला कागद लावून ती चौकटीत घट्ट बसवली आणि बाहेर उन्हात ठेवली. आम्ही तिघं उकिडवे बसून पाहत राहिलो. मधून मधून तो मागची अर्धी फळी उघडून कागद दाखवी. आधी लुगडं आलं, मग मोर आला, मग माझे डोळे, आणि मग गालावर, नाकावर, कपाळावर एक एक करून माझे वण वर आले. मला रडू फुटलं. बरं वाटून की वाईट वाटून हे मला तेव्हाही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे पाह्य, ही आमची सून."

म्हाताऱ्यानं तो औषधाच्या पाण्यात टाकून पक्का केला आणि कागदात गुंडाळून दिला.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझी पेटी भरली, मला घेऊन गाडीत बसल्या आणि निरोप न देता सालेकशाला उतरल्या. दोन्हीकडे साल-सागाचं जंगल, मध्ये रुळ, आणि रुळांना लागून लाल कवेलूंच्या छपरांची क्वार्टरं. नवरा ड्युटीवर होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातली झेंडी खाली पडली. मी मनाशी म्हटलं, पडू दे. सासूबाईंनी मला त्याच्या दारात सोडलं, "नांद आता," म्हणाल्या आणि परतीच्या गाडीनं गेल्यासुद्धा. त्यांना धान कापणीला मजूर पाहायचे होते.

मी एकटी आत गेले. खोलीत खाट, पाण्याचा माठ, आणि समोरच्या भिंतीवर चौकटीत माझा फोटो. पेन्सिलवाला. गाल कसे गुळगुळीत, कपाळ चंद्रासारखं. आणि त्याला चंदनाचा हार घातलेला होता.

आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही. मी भिंतीला धरून खाली बसले.

तेवढ्यात दारात स्टेशनमास्तरांची बायको आली. नागपूरकडची, गोरीपान, मायाळू, आणि दिवसभर बोलायला कुणी नाही म्हणून कावलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आलीस का गं? बरं झालं. तारबाबूंनी किती दिवस एकट्यानं काढायचे! पहिली फार देखणी होती हो. दैवात नव्हती. तू मनाला लावून घेऊ नकोस. दुसरेपणाचं दुःख असतंच, पण माणूस चांगला आहे."

नवरा तिच्या मागे उभा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रुळांकडे पाहिलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "मी मेली का?"

ते खाटेवर बसले. तुकड्या तुकड्यांनी बोलले. फोटो आला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला होता. मास्तरांना, गार्डांना, येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना. भिंतीला लावला होता. सगळे म्हणाले, नशीब काढलं. मग लग्न झालं, आणि लोक विचारू लागले, कवा आणता, कवा आणता. "अन् तू तं... तशी नव्हती. आणली असती तं लोक म्हनले असते, ही कोन? रोज विचारत. एक दिवस तोंडातून निघून गेलं की, नाही राहिली ती. मंग मास्तरीणबाईनं हार आनून घातला. आता मी का करू?"

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं होतं. लोक हसतील म्हणून ह्या माणसानं मला मारून टाकलं होतं, आणि तेही असं की कुणाला रक्त दिसू नये. मी ओरडायला हवं होतं. पण ओरडले असते तर सगळं स्टेशन गोळा झालं असतं, त्यांची छी-थू झाली असती, आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याच्या गाडीत बसवलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी खरा फोटो पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली ठेवला आणि चूल पेटवली.

असे महिने गेले. मी माझी सवत होऊन राहिले. मास्तरीणबाई मला शिकवी: रोज पहिलं फूल तिला वाहावं, सणाला पहिला घास तिच्यापुढे ठेवावा, म्हणजे ती छळत नाही. मी फूल वाही. ते वाहताना चौकटीतली ती गुळगुळीत बाई माझ्याकडे पाही, आणि मला तिचा असा राग येई की सांगता येत नाही. सगळ्यांनी हळहळायचं ती तिच्यासाठी. माझ्या हातची भाजी खाऊन मास्तर म्हणत, "पहिलीच्या हातालाही अशीच चव असेल." नवरा मान खाली घालून जेवत असे. मला हिवतापानं धरलं तेव्हा त्यांनी पाच-सहा दिवस ड्युटी सांभाळून माझ्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कोयनेल पाजलं. पण पट्टी ठेवतानाही ते माझ्याकडे न पाहता हातानं चाचपून ठेवीत. आंधळा माणूस ठेवील तशी.

मग मला दिवस गेले.

आणि पितृपक्ष आला. मास्तरीणबाई दारातूनच म्हणाली, "अगं, अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेलेल्या बाईचा दिवस हा. तारबाबूंनी अजून एकदाही तिचं केलं नाही. आता तू आहेस. तिच्या नावानं एक पान मांड आणि एक सवाष्ण जेवू घाल. सवाष्ण मीच येते. पोटात लेकरू आहे, तिचा आशीर्वाद हवा."

नवरा म्हणाला, "कायले? राहू द्या ना बाई." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, आणि जोर कुठून येणार? तिनं त्याला दटावलं, "पुरुषांना काही कळत नाही. मेलेलीचं करावं लागतं."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असेल कुणाला. मला नव्हती. पोटात माझं लेकरू आणि मी माझ्या हातानं माझं श्राद्ध रांधायचं! असलं कुणाच्या आईनं केलं असेल? मातेनं मला हात लावून सोडलं होतं, आणि आता हे लोक मला साग्रसंगीत पोचवायला निघाले होते. त्या दिवसांत मी नवऱ्याला फक्त एकदाच म्हटलं, "सांगा त्यांना." ते म्हणाले, "नवमी होऊन जाऊ दे, मंग पाहू." तेव्हा मला कळलं की हा माणूस मला माझ्याच तेराव्यापर्यंत नेईल आणि तिथंही म्हणेल, मंग पाहू.

नवमीला मी सगळं रांधलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. भर दुपारी मास्तरीणबाई भरजरी नेसून आली. मी तिचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, पाटावर बसवलं, पान वाढलं. दुसरं पान फोटोखाली मांडलं होतं, पाट घालून, उदबत्ती लावून. नवरा तुपाची वाटी घेऊन उभा होता. मास्तरीणबाई म्हणाली, "हात जोडा तारबाबू. तिला बोलवा. म्हणा, ये, जेवून जा."

नवऱ्यानं वाटी खाली ठेवून हात जोडले. त्याचे ओठ हलले.

मी कढीचं भांडं खाली ठेवलं. पेटी उघडली, लुगडी काढून बाहेर टाकली, तळाचा फोटो घेतला आणि भिंतीला, हार घातलेल्या चौकटीच्या खाली टेकवून उभा केला. मग जाऊन त्या मांडलेल्या पाटावर बसले.

"अगं अगं, काय करतेस? ऊठ! ते पान तिचं आहे!"

"माझंच होय," मी म्हटलं. "बोलावलं ना? आली."

ती ओरडणार होती. पण तिची नजर फोटोवर गेली. वरच्या फोटोत मोर, खालच्या फोटोत मोर. दोन्हीकडे शेपटीजवळ ठिगळ. तोच हात खुर्चीवर, तीच घसरलेली नथ, तेच लुगडं. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं ती माझा एक एक वण मोजते आहे. मग तिनं नवऱ्याला विचारलं, आणि तिचा आवाज पार बदललेला होता.

"तारबाबू, ही कोण?"

बाहेर मालगाडी उभी होती, तिची वाफ सुटत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पानाकडे पाहत बसले. ते जर म्हणाले असते की हिचं डोकं फिरलं आहे, तर लोकांनी त्यांचंच खरं मानलं असतं. फोटोतली बाई भूत होऊन अंगात आली म्हणाले असते, मांत्रिक आणला असता. मी पोटावर हात धरून बसले होते.

"हीच," ते म्हणाले. "हीच होय ती. मेली नाही कोनी. मी खोटं बोललो."

मास्तरीणबाईनं पान पुढे ढकललं. जिवंत बाईचं श्राद्ध जेवायला बसवलं म्हणून ती संतापली होती, आणि तिचं खोटं नव्हतं. तिनं फोटोला रोज हात जोडले होते, स्वतःच्या हातानं हार घातला होता. ती उठली आणि गेली. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि स्टेशनवरचे लोक नवऱ्याला जे जे म्हणाले ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. त्यांनी ऐकायलाच हवं होतं. त्यांची कीव मला आली, नाही असं नाही, पण ती बरीच उशिरा आली.

त्या दुपारी ती गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी हात वर करून फोटोचा हार काढला. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, शेवटी चुलीत टाकला. चंदनाचा वास घरभर झाला. मग ते तुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर आले, वाकले आणि माझ्या भातावर तूप वाढलं. निम्मं पानाबाहेर सांडलं.

सवाष्णीचं पान तसंच भरलेलं होतं. ते त्या पाटावर बसले. सवाष्णीच्या पानावर पुरुष बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

"जेव," ते म्हणाले.

मी पहिला घास घेतला. भाजीत मीठ कमी होतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दारातून ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं, आणि ते पाहतच राहिले, कपाळ, गाल, नाक, सगळं. मी पदर ओढला नाही.